एका ओरखड्याचा कंडेन्सर

आत-बाशी, ११ ऑगस्ट २०१६

सागिन बाइके,

डबा पोचला. इंजिनाच्या ठिणगीचे चौदा कंडेन्सर आहेत. मी तीनदा मोजले, कारण तुमच्याकडून अकरा वर्षांनी काही आलंय आणि त्यातलं एकही हरवलं असं व्हायला नको.

तोलोगोननं बस बाजाराच्या कोपऱ्यावर थांबवली, उतारूंना बसवून ठेवलं आणि डबा माझ्या सुट्या भागांच्या टपरीच्या फळीवर आपटला. म्हणाला, "बुरूल, तुझ्या थोरल्या भावानं पाठवलाय. दोन निवड म्हणाला."

"आणखी काय म्हणाला?"

"काही नाही. तुझ्या भावाकडून शब्द काढणं म्हणजे भाकड गाईचं दूध काढणं. मी म्हटलं, बहिणीला सलाम तरी सांग. तर गाडीच्या टायरकडे बघत बसला."

मग बसमधली एक बाई ओरडली की आमची लग्नाची वेळ टळतेय, तेव्हा जाता जाता त्यानं मुख्य गोष्ट सांगितली. वीस सप्टेंबरला कुर्गाक खिंडीवरून सायराकान आपांचं बिऱ्हाड कुरणातून खाली आणायचंय, आणि ते तुम्ही आणणार आहात. एस्केनच्या ट्रकाचा गिअरबॉक्स गेला म्हणून आपांनी तुम्हाला विचारलं.

बाइके, मला याचा अर्थ कळतो. दोन हजार पाचनंतर कुणीही तुमच्या ट्रकात यर्टचा तंबू चढवला नाही. तुम्ही कोळसा वाहिलात, बटाटे वाहिलेत, बाएतोवला जाऊन राहिलात. आता पहिलं बिऱ्हाड मिळतंय, आणि तेही त्याच आपांचं. या वेळी ट्रक खिंडीत थांबला तर पुन्हा कुणी विचारणार नाही. आणि तो थांबू नये म्हणून जो कंडेन्सर बसायचा, तो निवडायला तुम्ही मला सांगताय.

का सांगताय, हे मी विचारणार नाही. (लिहून झाल्यावर वाटलं, विचारतेच आहे की.)

चौदापैकी पाच मी हातात घेताच बाजूला काढले. नव्या बाजारातले आहेत, चकचकीत, पण वायर मुळाशी हलते. तुमच्या गॅझ ट्रकाच्या हादऱ्यांवर ते आठवडाभरसुद्धा टिकणार नाहीत. उरलेले नऊ मीटरवर घेतले. एकाची क्षमता निम्मी भरली, तो गेला. आठ राहिले. उद्यापासून मेगरवर (आतून वीज गळते का ते बघायला) आणि मग वाळूत.

वाळूचं तुम्हाला माहीत नसेल. गहू भाजायची जुनी बिडाची कढई घेतली आहे. वाळू तापवायची, हात लावला तर झटक्यानं मागे घ्यावा लागेल इतकी, पण कंडेन्सरमधला कागद करपणार नाही इतकीच. त्यात कंडेन्सर अर्धा तास पुरायचे. बाहेर काढले की गार व्हायच्या आत मेगरचा दांडा फिरवायचा. गार असताना सगळे कंडेन्सर शहाणे असतात. इंजिन तीन तास चढ चढून तापलं की त्यांचे खरे गुण कळतात. शेजारची मांस विकणारी बाई रोज विचारते, "काय गं मास्तरीण, आज लोखंड शिजलं का? मीठ घातलंस?"

तिच्याबरोबर मीही हसते, पण एक लिहायला हवं. गरम इंजिन आणि गार इंजिन यांतला फरक मला कॉलेजातल्या भौतिकशास्त्रानं नाही शिकवला. तुम्ही शिकवलात. मी पंधरा वर्षांची होते, तुम्ही सामूहिक शेतीच्या गॅरेजात ठिणगीचे पॉइंट काढून माझ्या तळहातावर ठेवले होते. एका पॉइंटवर बारीक डोंगर, समोरच्यावर बारीक खड्डा. म्हणाला होतात, "वाच. कंडेन्सर लहान की मोठा, इथं लिहिलंय." बाबा म्हणाले होते, पोरीला कशाला? तुम्ही म्हणालात, "तिचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत."

त्या वाक्याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. आज मानते.

बाजारात मी तुम्हाला जे बोलले होते त्याबद्दलही लिहायचं आहे. आज नको.

बुरूल

*

१८ ऑगस्ट

सागिन बाइके,

आज नको असं मी लिहिलं, तो भित्रेपणा होता. तुमच्या डब्यानं माझ्यापुढे पर्याय ठेवला नाही.

आठांपैकी सहावा पुसला तेव्हा त्याच्या कडेला नखभर ओरखडा दिसला. माझा ओरखडा. मी तपासलेल्या प्रत्येक कंडेन्सरवर खिळ्यानं खूण करते, तेव्हाही करायची. गार असताना पास झाला की एक रेघ, तापवून पास झाला की तिला जोडून दुसरी. याला एकच रेघ आहे. दुसरी मी ओढलीच नव्हती. करड्या रंगाचा, बुडाशी छोटा तारा. बाबांनी मागे ठेवलेल्या सुट्या भागांच्या खोक्यातला.

मी माझी जुनी डायरी काढली. मला वाटत होतं की मी तेव्हा काहीच लिहिलं नसेल, म्हणजे मला 'आठवत नाही' असं म्हणता येईल. पण मी लिहिलं आहे. २८ सप्टेंबर २००५: "बाइकेंसाठी बाबांच्या खोक्यातला काढला. मेणकागद अजून शाबूत. सैन्याची तपासणी झालेला, तारा आहे. तापवला नाही. बाबांच्या खोक्यातल्याला वाळूत घालणं बरं वाटलं नाही. बाकीचे नऊ तापवले."

बाकीचे नऊ तापवले! परक्यांना मी तापवलेले दिले आणि तुम्हाला सगळ्यात चांगला म्हणून न तापवलेला.

मला माहीत होतं, बाइके. सोव्हिएत संघाच्या काळातला माल म्हणजे कधी दगा देणार नाही असं ड्रायव्हर म्हणायचे, तेव्हा मीच त्यांना हसायची. आतला कागद तीस वर्षं फळीवर पडला की दमट होतो, मेण तडकतं, बाहेरून कितीही तारे असोत. हे मी शाळेत मुलांना शिकवलं होतं. पण ते खोकं बाबांच्या हातचं होतं. तुम्ही पहिल्यांदा कुणाचं पूर्ण बिऱ्हाड आणणार होतात. मला वाटलं, बाबाच सोबत येताहेत.

दोन ऑक्टोबरला ट्रक खिंडीखाली बंद पडला. पुढचं तुम्ही जाणता. बर्फ, रात्रभर ठिणगी नाही, ट्रकातली अकरा अशक्त कोकरं गेली, आपांचे म्हातारे यजमान तुर्दाकुन तुमच्याशेजारी केबिनमध्ये बसले होते, त्यांच्या पायाची दोन बोटं कापावी लागली. सकाळी लोकांनी विचारलं, काय झालं? तुम्ही सांगितलंत: मी प्यायलो होतो, गाडी थांबवून झोपलो.

आणि चौथ्या दिवशी तुम्ही माझ्या टपरीसमोर आलात. बाजार भरलेला होता. मी म्हटलं, "दारूचा वास घेऊन माझ्या दुकानापुढे उभे राहू नका. बाबा असते तर त्यांनी तुमच्या हातून चावी काढून घेतली असती." तुम्ही ऐकलंत. वळलात आणि गेलात.

मी तुमच्यापासून हातभर अंतरावर होते. वास नव्हता. चार दिवसांनंतर वास कसा असेल, असं मी स्वतःला तेव्हा समजावलं. पण तुम्ही गाडी चालवताना कधीच प्यायला नाहीत, हे मला आईच्या नावाइतकं माहीत होतं. मला ते खरं मानायचं होतं, म्हणून मी खरं मानलं. कारण ते खोटं असतं तर दुसरं एकच कारण उरत होतं.

तुम्ही खिंडीतून उतरताना हा काढला असणार. रेघ पाहिली असणार. मग सगळं कळलं असणार. माझा नवरा रशियाला जाऊन परतला नव्हता, शाळेच्या पगारात भागत नव्हतं, टपरी मांडून जेमतेम एक वर्ष झालं होतं. बाईकडून सुटे भाग घ्यायचे का, यावर ड्रायव्हर अजून हसत होते. मला संपवायला तुमचा एक शब्द पुरला असता. तो शब्द तुम्ही माझ्याबद्दल न बोलता स्वतःबद्दल बोललात.

हा तुम्ही मुद्दाम डब्यात टाकलात का? की हाताला लागेल ते टाकत गेलात? दोन्ही चालेल. मला फक्त कळायला हवं.

मी सगळ्यांना सांगणार आहे.

बुरूल

*

२६ ऑगस्ट

सागिन बाइके,

तोलोगोननं काडेपेटी दिली. आत पॉइंटची जोडी, बाकी काही नाही. पत्र शोधायला मी काडेपेटी उलटी करून झटकली तर तो हसायला लागला. "काय शोधतेस? तुझं पत्र त्यानं दोनदा वाचलं. गाडीत बसून. मग खिशात घातलं. मी म्हटलं, उत्तर? तर म्हणाला, पत्रं लिहायला मला वेळ नाही, हे दे."

"आणि?"

"आणि तिला सांग म्हणाला, डब्यात काय होतं ते मी बघत नाही, त्यात मी सगळं टाकतो. आणि सांग म्हणाला, तोंड मिटून दोन निवड. वीस तारखेआधी कुणाशी काही बोलू नकोस."

मग त्यानं त्याची टोपी मागे सारली. "काय बोलू नकोस गं? मला सांगितलंस तर मी काही बोलणार नाही. फार तर दहा-बारा जणांना सांगेन."

पॉइंट मी वाचले. डोंगर आणि खड्डा दोन्ही स्पष्ट आहेत, तुम्ही आत्ता जो वापरताय तो कंडेन्सर लहान पडतो. म्हणजे मला थोडा मोठा निवडायला हवा, मर्यादेच्या वरच्या टोकाजवळचा. हे तुम्हाला स्वतःलाही वाचता येतं. तरी तुम्ही ते मला पाठवलंत. माझे डोळे चांगले म्हणून नाही, हे आता कळतंय.

वीस तारखेपर्यंत गप्प राहा म्हणता, त्यामागचं कारणही मला दिसतं. आपांना आत्ता कळलं की त्या वेळी दोष माझ्या कंडेन्सरचा होता, आणि या वेळीही कंडेन्सर माझाच, तर त्या तुमच्या ट्रकात काही चढवणार नाहीत. तुमचं पहिलं बिऱ्हाड जाईल. तुमचं म्हणणं शहाणपणाचं आहे. तीन दिवस मी ते स्वतःला पटवत होते.

पटलं नाही. एकदा मी कुणाला न सांगता तुमच्या गाडीत एक गोष्ट बसवली. ऐंशीला टेकलेली बाई खिंड ओलांडणार आहे, ती कशावर बसली आहे हे तिला ठाऊक असायला हवं. मग ती नाही म्हणाली तरी. आणि मला हेही कबूल करायला हवं की 'तुमच्या भल्यासाठी' गप्प राहणं मला फार सोयीचं होतं. अकरा वर्षं होतंच.

म्हणून काल, गुरांच्या बाजाराच्या दिवशी, मी सांगितलं. टपरीपुढे सहा-सात ड्रायव्हर होते. मी फळीवर उभी राहिले नाही की काही नाही. एस्केन दोन कंडेन्सर घेत होता, त्याला म्हटलं, "थांबा. दोन हजार पाचला सागिन प्यायला नव्हता. मी दिलेला कंडेन्सर बसला होता, तो मी तापवून पाहिला नव्हता. हा बघा. एक रेघ."

त्यानं तो हातात घेऊन रेघेवर नख फिरवलं. मग एस्केन म्हणाला, "म्हणजे अकरा वर्षं त्यानं..."

"हो."

"आणि तू त्याला सगळ्यांसमोर..."

"हो."

त्यानं दोन्ही कंडेन्सर परत फळीवर ठेवले. "मग हे राहू दे गं, बुरूल," म्हणाला, जसं कुणी आजारी माणसाला म्हणतं. बाकीचे त्याच्यामागोमाग गेले. मांसवाली बाई तेवढी उभी राहिली. सुरी पुसत म्हणाली, "खुळी आहेस. आणि तो तुझ्यापेक्षा खुळा." त्या दिवशी तिनं मला कढईबद्दल काही विचारलं नाही.

कुरणात जाणाऱ्या गुरांच्या डॉक्टरबरोबर मी आपांना निरोप पाठवला आहे. काही न लपवता. शेवटी सांगितलं की कंडेन्सर या वेळीही मीच देणार आहे, तुम्हाला नको असेल तर कळवा.

तुम्ही रागावला असाल. तुमचा हक्क आहे. पण बाइके, काल घरी जाताना मला पहिल्यांदा तुमचं नाव मनात घेताना अडखळायला झालं नाही.

बुरूल

*

३ सप्टेंबर

सागिन बाइके,

आपांकडून निरोप आला. डॉक्टरनं शब्दशः सांगितला: "ऐकलं. ठरल्याप्रमाणे वीसला." याचा अर्थ काय, हे मी त्याला चारदा विचारलं. तो म्हणाला, "बाई, मी मेंढ्यांचा डॉक्टर आहे."

सोबत दोन कंडेन्सर पाठवते आहे. कसे निवडले ते लिहिते, म्हणजे चूक असेल तर तुम्हाला दिसेल.

आठांमधून एका रेघेचा अर्थातच बाजूला काढला, तो माझ्याकडे राहील. सात उरले. वाळूत पहिल्या खेपेला तीन गेले, त्यातला एक तर मेगरच्या दांड्याच्या दुसऱ्याच फेऱ्याला. चार उरले. त्यांना दुसऱ्या दिवशी गार होऊ दिलं, पुन्हा तापवलं, कारण खिंडीत तुम्ही मध्ये थांबाल, इंजिन निवेल आणि पुन्हा तापेल. आणखी एक गेला. तिघांमधला एक मर्यादेच्या खालच्या टोकाला आहे, तुमचे पॉइंट त्याला खाऊन टाकतील. दोन राहिले. दोघांवर दोन दोन रेघा आहेत. नव्या कारखान्याचे आहेत, दिसायला काहीच नाहीत, बुडाशी काही चिन्ह नाही.

मी धुलाई-यंत्रातला एक प्लास्टिकचाही तपासला होता, हल्ली काही जण तो बसवतात. विजेच्या दृष्टीनं तो सगळ्यांत उत्तम होता. पण त्याला कवच नाही, तारा उघड्या आहेत. मला माहीत नसलेल्या गोष्टीवर मी तुम्हाला पाठवणार नाही.

बसवताना पट्टीखालचा रंग खरवडा, नाहीतर अर्थिंग कच्चं राहतं. दुसरा अवजारांच्या पेटीत टाकू नका, कोटाच्या आतल्या खिशात ठेवा. पेटीत तो पाना-हातोड्याखाली चेपेल.

हे दोघे टिकतील अशी हमी मी देत नाही. एवढंच म्हणते की जे करता येण्यासारखं होतं ते मी सगळं केलं आहे, आणि त्यातलं काही प्रेमापोटी गाळलेलं नाही. पूर्वी मला वाटायचं प्रेमाच्या माणसाला तपासू नये. तुम्ही मला गॅरेजात उलटंच शिकवलं होतंत, मी विसरले.

बुरूल

*

२२ सप्टेंबर

सागिन बाइके,

परवा तुम्ही माझ्यासमोर होतात, तरी लिहिते आहे, कारण तुम्ही आल्या आल्या बॉनेट उघडून त्यात तोंड घातलंत. मला टाळायला, हे मला कळलं. त्यामुळे आपा काय बोलल्या ते तुम्ही ऐकलं नाही, आणि ते तुम्हाला कळायला हवं.

बिऱ्हाड गावात येताना लोक आयरानाच्या, ताकाच्या वाट्या आणि रोट्या घेऊन रस्त्यावर उभे राहतात तसे आम्ही उभे होतो. दुपारपासून. तुमचा ट्रक वळणावर दिसला तेव्हा मी पहिल्यांदा इंजिन ऐकलं. ठिणगी चुकत नव्हती. मग केबिनकडे बघितलं. तुमच्या शेजारी आपा बसल्या होत्या.

मी वाटी वर धरली. त्यांनी अर्धी प्यायली आणि उरलेली मला परत दिली, "तू पी, उन्हात उभी राहून वाळलीस." मी पुटपुटले की आपा, तुम्हाला सगळं कळलंय ना.

"कळायचं काय," त्या म्हणाल्या. "म्हाताऱ्याला त्याच रात्री कळलं होतं. एका केबिनमध्ये, एका नमद्याखाली बसले होते दोघं. वास असता तर त्याला आला नसता? घरी आल्यावर मला म्हणाला, हे पोरगं खोटं बोलतंय, पण कुणाला तरी पाठीशी घालायला बोलतंय. आपण मध्ये पडायचं नाही. मरेपर्यंत त्यानं कुणाला सांगितलं नाही."

"मग तुम्ही अकरा वर्षं दुसऱ्याचा ट्रक का..."

"कारण कोकरं माझी मेली होती," त्या म्हणाल्या. "त्याचा चांगुलपणा त्याच्याजवळ. अकरा कोकरं तर अकरा कोकरं."

बाइके, मला त्यांचा राग आला नाही. फार दिवसांनी कुणीतरी माझ्याशी न सजवता बोललं.

मग त्या म्हणाल्या, "खरं सांगू? यंदासुद्धा बेत वेगळाच होता. सामान सागिनच्या ट्रकात, मी घोड्यावर. या वयात. मुलं भांडत होती. मग तुझा निरोप आला. मी म्हटलं, आता केबिनमध्ये बसायला हरकत नाही. बाजारात उभं राहून जिनं स्वतःचं नाक कापून घेतलं, ती या खेपेला वाळू कोमट असताना हात काढणार नाही."

आणि मग त्या खाली उतरल्या. एस्केन, तोलोगोन, सगळे उभे होते. आपांचा आवाज तुम्हाला माहीत आहे, कुरणाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाची मेंढी वळवतात. म्हणाल्या, "माझं बिऱ्हाड सागिननं आणलं. वाटेत झोपला नाही, मलाही झोपू दिलं नाही, बायकोच्या तक्रारी सांगत होता." सगळे हसले. तुमचे कान बॉनेटखाली लाल झाले ते मी पाहिलं.

तुम्ही जेवायला थांबला नाहीत. बॉनेट बंद केलंत, माझ्याकडे न बघता म्हणालात, "वसंतात तीन बिऱ्हाडं वर न्यायची आहेत, कारिंदाश. आत्ताच विचारलं लोकांनी. सहा निवडून ठेव."

अकरा वर्षांनी तुम्ही मला कारिंदाश म्हणालात, धाकटी बहीण म्हणालात, आणि तेही कंडेन्सरच्या मागणीत गुंडाळून. मी 'हो' म्हणाले का, ते मला आठवत नाही. म्हणून इथे लिहिते: हो.

एस्केन काल आला होता. म्हणाला, "माझ्यासमोर तापव, मग घेतो." कालपासून ड्रायव्हर कढईभोवती उभे राहून बघतात. मला ते आवडतं. जे बघून घेतात त्यांच्याशी खोटं बोलता येत नाही, स्वतःशीसुद्धा.

तुम्ही त्या वेळी माझ्यासाठी जे केलंत ते फेडता येणार नाही, आणि तुम्हाला ते फेडून नकोही आहे. तेव्हा मी फक्त आभार मानते. त्यापुढे एखादं चांगलं वाक्य लिहायचा मोह होतोय, पण ते लिहीत नाही.

सहा मिळतील का, माहीत नाही. बाजारात माल वाईट येतो आहे. हिवाळाभर शोधेन, दोनदा तापवेन. चारच मिळाले तर चार पाठवेन, आणि चारच मिळाले असं लिहीन.

तुमची धाकटी,
बुरूल